१९३० चा अधिकारी, पिस्तुलाची खोळ आणि आमची चूक

पेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो : "मला नाटकाच्या वेशभूषेवर काम करायचंय, पण त्यात संशोधन असं काय असतं? कपडे शिवले, घातले, प्रयोग झाला, संपलं." प्रश्न रास्त आहे. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा आज मी एका वस्तूचं परीक्षण करून दाखवतो. वस्तू साधी आहे. पिस्तूल ठेवायची चामड्याची खोळ, म्हणजे होल्स्टर. सोलापुरात एका एकांकिकेसाठी आम्ही ती तयार खोळ घेऊन बदलली. वेशभूषा माझ्याकडे होती. म्हणजे या लेखात परीक्षक आणि आरोपी एकच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रसंग कोणता होता

एकांकिका सोलापूरच्या मार्शल लॉवर होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा कारभार जवळजवळ उरलाच नव्हता. मग १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांवर पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला त्यांना फाशी दिली. सोलापूरकर या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जातो. त्यामुळे इथे या विषयावर नाटक करताना प्रेक्षक ढिलाई चालवून घेत नाही, आणि घेऊही नये.

नाटकात एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. ड्रेपरीवाल्याकडून खाकी कोट आला, टोपी आली, पट्टा आला. पट्ट्याला जी खोळ होती ती मात्र सरळसरळ काउबॉयची. वरून उघडी, मांडीपर्यंत लोंबणारी, नक्षीची. दिग्दर्शक म्हणाला, "चालतंय की, मागच्या रांगेतून कोणाला दिसतंय?" मी म्हणालो, नाही चालत. आणि कामाला लागलो.

इथपर्यंत मी हिरो आहे. पुढे तसं राहत नाही.

नक्कल कशाची करायची?

पोशाखासाठी चामड्याची खोळ बदलणारे हौशी लोक जगभर आहेत. 'स्टार वॉर्स' (१९७७) मधल्या एखाद्या पात्राचा पट्टा जसाच्या तसा करायचा म्हणून लोक चित्रपटाची एकेक फ्रेम थांबवून टाके मोजतात. ही चेष्टेची गोष्ट नाही. त्यांच्यासाठी चित्रपट हेच प्राथमिक साधन आहे, कारण ते पात्र चित्रपटाबाहेर कधी नव्हतंच. पडद्यावर जे दिसतं तेच खरं, आणि त्याच्याशी जुळलं की काम बरोबर.

आपलं तसं नव्हतं. १९३० चा अधिकारी खरोखर होता. त्याच्याबद्दलचे चित्रपट हे फार तर दुय्यम साधन. पण माझ्या डोक्यात जी "जुनी खोळ" होती ती आली कुठून? चित्रपटांतूनच. गंमत बघा, ड्रेपरीवाल्याने दिलेली ती लोंबती काउबॉय खोळ, म्हणजे पट्ट्यालाच खाच पाडून खाली सोडलेली, ही जुन्या अमेरिकी पश्चिमेतली रूढ पद्धत नाही. ती १९२० च्या दशकात आली आणि हॉलिवूडने लोकप्रिय केली. झटकन पिस्तूल काढण्यासाठी आत धातूचा पत्रा घातलेल्या खोळी तर १९५० च्या दशकातल्या. म्हणजे आपण जिला "जुनी" म्हणतो ती वस्तू अनेकदा सिनेमाइतकीच जुनी असते.

याच संदर्भात एक जोडी लक्षात ठेवा. 'गांधी' (१९८२) साठी वेशभूषेचं ऑस्कर दोघांना मिळून मिळालं : आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या आणि जॉन मोलो. मोलो हे लष्करी गणवेशांचे इतिहासकार, आणि 'स्टार वॉर्स'ची वेशभूषाही त्यांचीच. एकच माणूस काल्पनिक आकाशातले सैनिकही सजवतो आणि इतिहासातलेही. फरक हाताच्या कौशल्यात नाही. तुम्ही कोणाला उत्तर देणं लागता, त्यात आहे.

आम्ही काय काय बदललं

आता वस्तूकडे येऊ. जूल्स प्राउन नावाच्या अभ्यासकाने १९८२ साली वस्तूच्या अभ्यासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी फक्त वर्णन, मग वस्तूशी आपला संबंध जोडून निष्कर्ष, आणि शेवटी तर्क. विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात ते पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारण्यात. म्हणून आधी वर्णन.

आम्ही ड्रेपरीची खोळ परत केली आणि साधी, नक्षी नसलेली, नवी खोळ विकत आणली. तपकिरी, जाड चामडं, वरून उघडी. तिच्यात चार बदल केले.

पहिला, लांबी. त्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्याकडे असण्याची शक्यता असलेलं हत्यार म्हणजे वेब्ली मार्क सहा. हे रिव्हॉल्व्हर १९१५ मध्ये सैन्यात आलं आणि त्याची जागा घेणारं एनफिल्ड १९३२ मध्ये, म्हणजे आपल्या घटनेनंतर. वेब्लीची नळी सहा इंच, सगळं मिळून लांबी अकरा इंचांच्या वर, वजन किलोभर. आमची खोळ लहान पडत होती, म्हणून खालचं टोक उसवून तुकडा जोडला.

दुसरा, झाकण. त्या काळच्या लष्करी खोळीला वरून पूर्ण झाकण असे आणि ते पितळी गुंडीवर बसे. आम्ही ते नव्याने कापून मागच्या बाजूला शिवलं.

तिसरा, पट्ट्याशी जोडणी. अधिकाऱ्याच्या खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा तुम्ही फोटोंत पाहिला असेल. त्याला सॅम ब्राउन बेल्ट म्हणतात. सॅम ब्राउन हा हिंदुस्थानातलाच ब्रिटिश अधिकारी. १८५८ मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवारीचं म्यान सावरणार कसं? म्हणून कमरेच्या पट्ट्याला उजव्या खांद्यावरून दुसरा पट्टा देऊन त्याने वजन तोललं. ही एका माणसाची अडचण होती, पुढे ती सगळ्या फौजेचा रुबाब झाली. आमच्या खोळीच्या मागचा लांब लूप आम्ही कापून टाकला आणि ती लोंबती न ठेवता कमरेला घट्ट बसेल अशी केली.

चौथा, रंग आणि "जुनेपणा". काचकागद घासून कडा उजळ केल्या, पृष्ठभागावर ओरखडे पाडले.

हे सगळं मी एकट्याने केलं नाही. खरं तर मी फार थोडं केलं. मंगळवार पेठेच्या बाजूला चपला-पट्ट्यांची दुरुस्ती करणारे एक काका आहेत, त्यांनी केलं. त्यांनी प्रबंधात नाव घालायला होकार दिला, इंटरनेटवर नको म्हणाले. म्हणून इथे ते 'काका'च राहतील. संमती अशी जागेनुसार वेगळी असू शकते, हेही शिकून ठेवा.

चामडं काय सांगत होतं

काकांनी खोळ हातात घेतली, कडेला रापीने बारीकशी चीर दिली आणि आतला रंग बघितला. क्रोमने कमावलेलं चामडं आतून अनेकदा राखाडी-निळसर दिसतं. सालींनी कमावलेलं आतपर्यंत तपकिरी असतं. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांवर चामडं कमावायची पद्धत जुनी. तरवड म्हणजे सोलापूरच्या माळावर पिवळी फुलं घेऊन उभं असतं ते झुडूप. आमचं चामडं सालीचं निघालं. काका म्हणाले, "मग हे ऐकतंय. पाणी पाजलं की वळतंय."

पाणी पाजणं म्हणजे कोमट पाण्यात भिजवून ओलं चामडं साच्यावर बसवणं. आमच्याकडे खराट्यावर कातून आणलेलं लाकडी पिस्तूल होतं. त्याला प्लास्टिक गुंडाळून ते खोळीत घातलं आणि बोटांनी, मग लाकडी पट्टीने दाबत दाबत आकार काढला. सावलीत वाळवलं. मी घाईत ते गच्चीवर उन्हात ठेवायला निघालो होतो. "उन्हात ठेवला की पापड होतोय त्याचा," काका.

एक चूक मात्र मी केलीच. ओल्या झाकणाला जागेवर ठेवायला घरातले लोखंडी खिळे टोचले. सकाळी बघतो तर प्रत्येक खिळ्याभोवती काळा डाग. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं पडतं, जुनी शाई याच तत्त्वावर बनायची. काकांनी डागांवर गडद रंग चढवला आणि पितळी गुंडी लावली. लष्करी सामानात पितळ का, या प्रश्नाचं "चकाकतं म्हणून" हे उत्तर मला आधीपासून पाठ होतं. ओल्या चामड्याशी पितळ भांडत नाही, हेही एक कारण असू शकतं, हे मला त्या डागांनी सुचवलं. लक्षात घ्या, मी "असू शकतं" म्हणतोय. हा तर्क आहे, म्हणजे प्राउनची तिसरी पायरी. तो सिद्ध करायला कागदपत्रं लागतील. पण प्रश्न हातातून आला, पुस्तकातून नाही.

आता परीक्षण

तर चार बदल. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू : हा कशामुळे केला? पुराव्यामुळे, सोयीमुळे, की सवयीमुळे?

लांबीचा बदल पुराव्यावर उभा आहे. पट्ट्याशी जोडणीचाही. इथे मी पास.

जुनेपणाचा बदल ही शुद्ध सवय, आणि माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. विचार करा : १९३० मध्ये १९३० हे साल जुनं नव्हतं. ब्रिटिश अधिकाऱ्याचा पट्टा म्हणजे रोज पॉलिश करून आरशासारखा ठेवायची वस्तू. ओरखडे, उडालेला रंग हे आज आपल्याला संग्रहालयात किंवा जुन्या बाजारात दिसतं, कारण मध्ये नव्वद वर्षं गेलीत. आम्ही त्या माणसाच्या कमरेला त्याच्यानंतरची नव्वद वर्षं बांधली. परीक्षकांनी नेमकं याच गोष्टीचं कौतुक केलं, "किती अस्सल वाटतं." बक्षीस मिळणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची ही नोंद.

आणि झाकण. यात मला खरं बोलायचंय. आम्ही झाकण कापलं, शिवलं, गुंडी लावली. पहिल्या तालमीत अधिकाऱ्याने जमावासमोर येऊन हात कमरेला नेला आणि... झाकण उघडेना. नवीन चामडं, घट्ट गुंडी. नट दोन हातांनी झटतोय आणि बाकीचे हसतायत. दिग्दर्शक म्हणाला, झाकण मागे दुमडून ठेव. मी ठेवलं. प्रयोगात खोळ उघडीच होती, पिस्तूल चटकन बाहेर आलं, टाळ्या पडल्या.

आज मला वाटतं, झाकण उघडेना तेव्हाच नाटक काहीतरी बरोबर सांगत होतं, आणि आम्ही ते बंद पाडलं. बंद झाकणाची खोळ कोण वापरतो? ज्याला घाई नाही तो. ज्याच्या मागे बंदुका घेतलेली पलटण उभी आहे, ज्याच्या खिशात हुकूमनामा आहे, त्याला झटकन पिस्तूल काढावं लागत नाही. उघडी खोळ ही एकट्या माणसाची वस्तू आहे, त्याचा जीव त्याच्या हाताच्या वेगावर असतो. आम्ही अधिकाऱ्याला उघडी खोळ दिली आणि मार्शल लॉची गोष्ट दोन माणसांच्या झुंजीची गोष्ट झाली. एक वाईट गोरा, एक शूर सोलापूरकर.

पण इतिहास काय सांगतो? त्या चौघांना कोणा संतापलेल्या अधिकाऱ्याने पिस्तूल काढून मारलं नाही. त्यांच्यावर खटला चालला, साक्षी झाल्या, निकाल लिहिला गेला, आणि घटनेनंतर आठ महिन्यांनी, सोलापुरापासून दूर, येरवड्याला फाशी झाली. सत्तेला घाई नव्हती, आणि भयानक होतं ते हेच. अडीचशे ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या चामड्याच्या झाकणाने हे सांगता आलं असतं. आम्ही ते मागे दुमडलं.

"अहो, पण रंगमंचावर सोय बघावी लागते," असं कोणी म्हणेल. मान्य. सोय हे वैध कारण आहे. पण मग सोय म्हणून नोंदवा. मी माझ्या टिपणात लिहिलं होतं, "खोळ मूळ नमुन्याप्रमाणे." हे वाक्य खोटं होतं. प्रामाणिक वाक्य असं : "झाकण मूळ नमुन्याप्रमाणे तयार केले, प्रयोगात नटाच्या सोयीसाठी दुमडले, परिणामी प्रसंगाचा अर्थ बदलला." या वाक्यात अख्ख्या प्रकरणाचं बीज आहे. पहिल्या वाक्यात काहीच नाही.

कापायची नाही अशी वस्तू

याच काळात घडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्यातल्या एका नटाने घरून चामड्याचा जुना पट्टा आणला. पणजोबा पोलिसात होते, त्यांचा म्हणे. दिग्दर्शक खूश. "हाच कापून खोळीला लावू, खरा माल!" मीही मान डोलावली. संशोधक विद्यार्थी असून.

काकांनी पट्टा उलटा केला, उजेडात धरला आणि रापी खाली ठेवली. आतल्या बाजूला छिद्रांच्या दोन ओळी होत्या. एक टाक्यांची, दुसरी रिकामी. "हे एकदा कापल्यालं हाय," ते म्हणाले. "आता परत कापलं तर पैल्यांदा कशाला कापलं ते कळंल का कुणाला?"

मंडळी, साधनांच्या चिकित्सेवर मी जितकी व्याख्यानं ऐकलीत, त्यातलं एकही मला इतकं नेमकं आठवत नाही. रिकामी छिद्रं म्हणजे उसवलेली शिवण, म्हणजे आधीचा बदल, म्हणजे कोणाची तरी गरज. पणजोबांची असेल, त्यांच्याआधीच्या मालकाची असेल, घरी मुलाच्या दप्तरासाठी केलेली असेल. कापलं की प्रश्नच संपला. आम्ही पट्ट्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवली, आणि तो नटाच्या आईकडे परत दिला. नियम साधा : बदल करायचे ते नव्या वस्तूत. जुनी वस्तू फक्त वाचायची.

"स्थानिक कारागीर" म्हणजे कोण?

प्रकरणाचा मसुदा मी मार्गदर्शक मॅडमना दिला. त्यात वाक्य होतं, "आवश्यक बदल स्थानिक कारागिराकडून करून घेतले." मॅडमनी त्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं : "चामड्याची ओळख, भिजवण्याची पद्धत, पट्ट्यावरच्या छिद्रांचं वाचन. हे तीन मुद्दे कोणाचे?"

माझे नव्हते. पण माझ्या मसुद्यात प्राउन तळटिपेत होता, आणि काका "कडून करून घेतले" मध्ये.

गोपाळ गुरू यांचा २००२ मधला इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीतला लेख संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाने वाचावा. भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे एक आणि अनुभव, माहिती पुरवणारे दुसरे अशी उतरंड कशी तयार होते, हे त्यांनी तिथे परखडपणे मांडलंय. चामड्याच्या बाबतीत ही उतरंड जातीच्या उतरंडीवर तंतोतंत बसते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं त्यांना त्या कामासाठीच वेशीबाहेर ठेवलं, आणि आता त्या कामातलं ज्ञान आपण तळटिपेशिवाय आत आणतो. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता झळकल्या तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात आपला सोलापूर जिल्हाही आहे, त्यामुळे चिडायचा हक्क होताच. टीका झाल्यावर कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं. पण माझ्या मसुद्यातलं ते वाक्य आणि तो शो, यांत फरक फक्त आकाराचा होता.

मी काकांकडे परत गेलो. कुठला मुद्दा त्यांचा म्हणून लिहितोय ते वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली. फोटोबद्दल विचारलं तर म्हणाले, "सगळे येत्यात ते हाताचाच फोटो काढत्यात. तोंड घ्या की."

आता माझ्या प्रबंधात त्यांची मुलाखत साधन म्हणून आहे, तारखेसह. तिलाही चिकित्सा लागू आहेच. एका माणसाचा अनुभव म्हणजे सगळ्या सोलापूरचा अनुभव नव्हे, हे मी तिथे लिहिलंय. आदर दाखवणं म्हणजे प्रश्न न विचारणं नाही.

तुमच्यासाठी काम

तुमचा विषय वेशभूषा नसेलही. तरी एक प्रयोग करा. तुम्ही स्वतः बदललेली कोणतीही एक वस्तू घ्या : आईच्या साडीचा केलेला ड्रेस, सायकलला लावलेला कॅरिअर, गणपतीची मखर. एका वहीत चार रकाने आखा. काय बदललं, कशामुळे (पुरावा, सोय की सवय), कोणी सांगितलं, आणि बदलल्याने अर्थ काय बदलला. चौथा रकाना रिकामा राहिला तर घाई करू नका, आठवडाभर वस्तू समोर ठेवा. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी "मी" असं आलं तर मात्र पुन्हा एकदा नीट आठवा.

ती खोळ अजून माझ्या टेबलावर आहे. झाकण इतके दिवस मागे दुमडलेलं राहिलं की तिथे कायमची घडी पडलीय. गेल्या आठवड्यात काकांना दाखवली. ते म्हणाले, परत पाणी पाजून बघू. पुढच्या प्रयोगात ती बंद असेल, आणि नटाला ती उघडायला वेळ लागेल. लागू दे.